दोन जाड्या बायका, एक साइडकार आणि आईचं तूप

मीठभाकर

गेले दोन आठवडे आमच्याकडे रात्रीची जेवणं उरकली की एकच उद्योग चालू आहे. आई (वय ७६, कोलेस्टेरॉलची गोळी चालू, इंग्रजी 'थँक्यू'पुरतं) आणि मी यूट्यूबवर 'टू फॅट लेडीज' बघतो. ज्यांनी पाहिलं नसेल त्यांच्यासाठी: बीबीसी टू वर १९९६ ते १९९९ या काळात झालेला पाककृतींचा कार्यक्रम. जेनिफर पॅटरसन आणि क्लॅरिसा डिक्सन राइट, दोघी चांगल्या भरदार, दोघींना कुणाची पर्वा नाही. जेनिफर मोटारसायकल चालवते, क्लॅरिसा साइडकारमध्ये ठासून बसलेली. कुठल्यातरी गावी जायचं, तिथल्या मठात, शाळेत, छावणीत, जे असेल तिथल्या स्वयंपाकघराचा ताबा घ्यायचा आणि लोणी, साय, डुकराची चरबी असलं सगळं सढळ हातानं घालून जुन्या पद्धतीचं जेवण रांधायचं.

आईला शब्द कळत नाहीत, पण ती माझ्याआधी हसते. जेनिफरनं लाल नखांच्या, अंगठ्या घातलेल्या हातानं मिश्रण कालवायला घेतलं की आई म्हणते, "बघ, हिला चमचा लागत नाही." आणि प्रत्येक भागाच्या शेवटी तिचा एकच प्रश्न असतो: "एवढी भांडी घासतं कोण?"

तर दोन गोष्टी. एक, तुमच्यापैकी कुणी हा कार्यक्रम त्या वेळी पाहिलाय का? दोन, आणि हे खरं काम आहे: आईला 'जॅम रोली-पोली' (जॅम लावून, वळकटी करून वाफवलेलं पुडिंग) खायची आहे. त्यात 'स्यूएट' लागतं, म्हणजे गाई-मेंढीच्या मूत्रपिंडाभोवतीची कडक चरबी. डोंबिवलीत ती मिळाली तरी आमच्या घरात येणं शक्य नाही. त्याऐवजी काय घालू?

चकली९९

मी पयला! साजूक तूप घाल. विषय संपला.

थेम्सकाठी

मीठभाकर, अगदी जिव्हाळ्याचा धागा काढलास. मी १९९७ मध्ये नवऱ्याच्या नोकरीमुळे लंडनला आले. नवीन देश, बाहेर चार वाजता अंधार, आणि टीव्हीवर या दोघी. तोवर माझ्या डोक्यात ब्रिटिश जेवण म्हणजे उकडलेला बटाटा आणि त्याच्याशेजारी उकडलेला दुसरा बटाटा. यांच्यामुळे कळलं की मुरवलेली शिकार, किडनी घातलेलं पुडिंग, नाना तऱ्हेचे 'पाय' (पावलं नव्हेत, पिठाच्या पारीत सारण भरून भाजतात ते), घट्ट साय असं भरपूर काही आहे, फक्त ते आमच्या कचेरीच्या कँटीनपर्यंत पोचलेलं नव्हतं.

त्याच सुमारास, १९९८ मध्ये, त्याच वाहिनीवर डिलिया स्मिथ लोकांना अंडं कसं उकडायचं हे अगदी मन लावून शिकवत होती. एकीकडे ती शिस्तशीर मास्तरीण आणि दुसरीकडे या दोघी, मापं न मोजता साय ओतणाऱ्या. मी दोन्ही बघायचे. अंडं डिलियाकडून शिकले, जगणं या दोघींकडून. (हे वाक्य जरा फिल्मी झालं, पण राहू दे.)

बुलेटवाला

स्वयंपाकातलं मला काही कळत नाही. गाडी मात्र कळते. ती एनफील्डच ना? असा आवाज दुसऱ्या कुठल्या गाडीला नाही.

थेम्सकाठी

नाही हो, ट्रायम्फ.

गिअरबॉक्स

ट्रायम्फ थंडरबर्ड, ९०० सीसी, तीन सिलिंडर. बुलेटवाले, तीन सिलिंडरचा आवाज तुम्हाला एका सिलिंडरचा वाटला? कानात मळ साचलाय. 😀 साइडकार वॉटसोनियन कंपनीची, जीपी-७०० नावाचं रुंद मॉडेल, मूळचं दोन माणसांसाठी. क्लॅरिसा त्यात एकटी बसायची. नंबरप्लेटसुद्धा बघा: एन८८ टीएफएल. टीएफएल म्हणजे टू फॅट लेडीज, आणि ८८ कशासाठी ते हौजी खेळलेल्यांना सांगायला नको.

तुमच्या समाधानासाठी एक गोष्ट सांगतो. ही वॉटसोनियन कंपनी पुढे काही वर्षं ब्रिटनमध्ये आपल्या चेन्नईच्या एनफील्डची आयातदार होती. म्हणजे नातं आहे, पण सोयरिकीतलं.

बुलेटवाला

सोयरीक तर सोयरीक. आपण वरपक्ष.

पानगी

८८ वाचलं आणि मला एकदम आमच्या सोसायटीचा कोजागिरीचा हौजी आठवला! आकडे पुकारणारे काका "टू फॅट लेडीज, एटी-एट" असं ओरडायचे आणि समोर बसलेल्या दोन विशिष्ट काकू दर वर्षी रागवायच्या. हे ब्रिटिश बिंगोमधून आपल्याकडे आलंय आणि कार्यक्रमाचं नावही तिथलंच, हे आज कळलं. इंग्रजी 8 म्हणजे गोल गरगरीत बाई, दोन 8 म्हणजे दोघी.

देवनागरीत लिहिलं तर मात्र ८८. दोन बायका कंबर धरून वाकलेल्या. बहुतेक भांडी घासतायत.

मीठभाकर

पानगी 😂😂 आईला वाचून दाखवलं. "तेच म्हणते मी," म्हणाली.

उपवासाचा बटाटा

गंमत चालू आहे ती चालू द्या, पण मला हा कार्यक्रम कधीच झेपला नाही. शाकाहारी माणसाची चेष्टा केल्याशिवाय या बायकांचा एक भाग जात नाही. शाकाहारी म्हणजे काहीतरी आजारी, फिकट, मन मारून जगणारा प्राणी असं त्यांचं मत. आमच्या घरात चार पिढ्या शाकाहारी आहेत आणि आमच्याकडे श्रावणात जे केळीच्या पानावर पडतं ते बघितलं असतं तर दोघींनी साइडकार इथेच लावली असती.

शिवाय 'फॅट' हा शब्द नावातच. आज असं नाव कुणी ठेवेल का? ठेवू नये, असं माझं मत.

सासष्टीकार

बटाटेराव, नावाबद्दल बोलू या. त्या दोघींना त्या शब्दाची लाज नव्हती, आणि गंमत तिथेच आहे. कार्यक्रमात त्यांच्या जाडीवर कुणी दुसरा विनोद करत नाही. त्या पडत नाहीत, अडकत नाहीत, धापा टाकत नाहीत, वजन कमी करायची भाषा काढत नाहीत. त्या फक्त रांधतात आणि खातात. आपल्या सिनेमातली जाडी बाई बघा, पडद्यावर आली की खुर्ची मोडणारच. फरक कळला का?

आणि चरबीचं म्हणाल तर आमच्या मडगावात या कार्यक्रमाला विनोदी कुणी म्हणणार नाही. माझी मावशी सोरपोतेल करते तेव्हा डुकराचं मांस आणि काळीज आधी उकडून, बारीक चिरून, त्याच्याच चरबीत परतते. वर व्हिनेगर आणि मसाला. दोन दिवस मुरल्यावर खरी चव. जेनिफर तिच्या शेजारी उभी राहिली असती तर दोघींचं भाषेवाचून जमलं असतं.

खडूस काका

अंगठ्या घालून पीठ मळणं हा गलिच्छपणा आहे. नखंही रंगवलेली. माझी आई पोळ्या करायला बसताना पाटल्यासुद्धा वर सरकवायची.

चकली९९

काका आले! आता धागा शंभरी गाठणार.

थेम्सकाठी

काका, तुम्ही एकटे नाही. त्या वेळी इथेही त्या नखांवर आणि अंगठ्यांवर लोक नाकं मुरडायचे. तिनं शेवटपर्यंत काढल्या नाहीत.

पण ही बाई नुसती टीव्हीवरची गंमत नव्हती. जेनिफरचा जन्म १९२८ चा. लहानपणीची पहिली काही वर्षं चीनमध्ये, मग इंग्लंडमध्ये ननांची शाळा, आणि पंधराव्या वर्षी त्या शाळेनं तिला दांडगाईबद्दल हाकलून दिलं. मग बर्लिन, पोर्तुगाल, सिसिली, लिबिया असं फिरून कुणाकडे स्वयंपाक कर, कुणाची मुलं सांभाळ. पुढे 'स्पेक्टेटर' साप्ताहिकाच्या कचेरीत ती स्वयंपाकीण होती. तिथल्या जेवणावळींना राजपुत्र चार्ल्सपासून मंत्र्यांपर्यंत लोक यायचे. त्याच साप्ताहिकात ती पाककृतीचं सदरही लिहायची. टीव्हीवर गाजली तेव्हा वय अडुसष्ट.

आणि मीठभाकर, तुझ्या आईच्या प्रश्नाचं उत्तर इथे आहे. कचेरीतल्या लोकांनी आपले खरकटे कप तिच्या स्वयंपाकघरात आणून टाकले म्हणून एकदा तिनं ती भांडी सरळ खिडकीतून बाहेर भिरकावली. नोकरी गेली. पुन्हा मिळालीही.

मीठभाकर

आई दोन मिनिटं गप्प होती. मग म्हणाली, "मला हे चाळीस वर्षांपूर्वी कळायला हवं होतं."

पानगी

काकूंना साष्टांग दंडवत 🙏

डॉ. खवय्या

व्यवसायानं डॉक्टर असल्यामुळे धाग्यात माशी शिंकवायला येतो. कार्यक्रम मलाही आवडतो. पण ७६ वर्षांच्या, गोळी चालू असलेल्या काकूंनी तो करमणूक म्हणून बघावा, आहारतक्ता म्हणून नाही. लोण्या-तुपातल्या संपृक्त चरबीनं एलडीएल, म्हणजे वाईट कोलेस्टेरॉल, वाढतं, याबद्दल फारसा वाद उरलेला नाही.

चकली९९

पण डॉक्टर, जेनिफर गेली ती फुप्फुसाच्या कर्करोगानं, लोण्यानं नाही. प्रत्येक भागाच्या शेवटी ती सिगारेट ओढताना दिसते की!

डॉ. खवय्या

बरोबर आहे. ऑगस्ट १९९९ मध्ये, ७१ व्या वर्षी गेली. क्लॅरिसा २०१४ मध्ये, ६६ व्या वर्षी. पण दोन बायकांवरून ना लोणी निर्दोष ठरतं ना दोषी. तुमचे आजोबा विडी ओढून नव्वदीपर्यंत जगले असतील, म्हणून मी विडी लिहून देणार नाही.

एक श्रेय मात्र त्यांना द्यायला हवं. त्या दोघी मार्गारिनचा, म्हणजे तेल घट्ट करून केलेल्या नकली लोण्याचा, मनापासून तिरस्कार करायच्या. तेव्हा मार्गारिन म्हणजे हृदयाचा मित्र, असा समज जोरात होता. पण १९९० मध्येच डच संशोधकांनी दाखवलं होतं की तेल घट्ट करताना तयार होणारं ट्रान्स फॅट वाईट कोलेस्टेरॉल वाढवतंच, शिवाय चांगलं कमी करतं. आपल्याकडे वनस्पती तुपाचंही तेच दुखणं. तेल-तुपातल्या ट्रान्स फॅटवर दोन टक्क्यांची मर्यादा आपल्याकडे २०२२ मध्ये लागू झाली. त्या बायकांनी शोधनिबंध वाचला नव्हता, त्यांना फक्त चव आवडत नव्हती. कधीकधी जीभ प्रयोगशाळेच्या आधी पोचते. नेहमी नाही!

झणका

डॉक्टरसायेब, तुमी डॉक्टर हाय का वकील? दोन्हीकून बोलून राहिले.

डॉ. खवय्या

वकील क्लॅरिसा होती 😀

सासष्टीकार

हे खरंय, आणि यावर थोडं लिहितोच. क्लॅरिसा बॅरिस्टर होती. एकविसाव्या वर्षी सनद मिळाली, तेव्हाच्या सगळ्यांत तरुण बायकांपैकी एक. वडील नामांकित शल्यविशारद, घरात पैसा रगड, आणि बाप दारू पिऊन मारहाण करणारा. आई गेल्यावर तिला लाखो पौंडांचा वारसा मिळाला आणि तिनं तो सगळा दारूत आणि मौजमजेत बुडवला. वकिली गेली, घर गेलं, दुसऱ्यांच्या घरी स्वयंपाकीण म्हणून राहायची वेळ आली. १९८७ मध्ये दारू सुटली ती कायमची. त्यानंतर ती लंडनच्या नॉटिंग हिलमधल्या फक्त पाककृतींची पुस्तकं विकणाऱ्या दुकानात उभी राहिली. तिथे तिचं डोकं भरलं. कार्यक्रमात ती जाता जाता अठराव्या शतकातली एखादी कृती सांगते, ते तिथलं.

आता पुन्हा शेवटची दृश्यं बघा. जेनिफरच्या हातात पेला आणि सिगारेट. क्लॅरिसा शेजारी बसलेली, तिच्या हातात दारू कधीच नाही. कुणी त्यावर एक शब्द बोलत नाही. ही गोष्ट माहीत झाल्यापासून मला ती शेवटची दोन मिनिटं वेगळीच दिसतात.

पानगी

हे माहीत नव्हतं. पुन्हा बघावं लागणार.

गिअरबॉक्स

क्लॅरिसाच्या जाडीचं कारणही तिच्या म्हणण्याप्रमाणे लोणी नव्हे, टॉनिक वॉटर. वर्षानुवर्षं जिनमध्ये इतकं टॉनिक ओतलं की त्यातल्या क्विनाइननं अधिवृक्क (ॲड्रिनल) ग्रंथी बिघडली. क्विनाइन म्हणजे आपली हिवतापाची कडू गोळी. ब्रिटिशांनी त्यासाठी दार्जिलिंगजवळ आणि निलगिरीत सिंकोनाच्या बागा लावल्या होत्या. हिंदुस्थानात डासानं त्यांना चावायचं आणि...

ॲडमिन

सिंकोनावर स्वतंत्र धागा काढावा ही विनंती.

थेम्सकाठी

मला एक मुद्दा बरेच दिवस लिहायचा होता. हा कार्यक्रम कधी आला ते बघा. मार्च १९९६ मध्ये ब्रिटिश सरकारनं संसदेत कबूल केलं की गाईंचा वेडेपणाचा आजार माणसात येत असण्याची शक्यता आहे. त्याच महिन्यात युरोपनं ब्रिटिश गोमांसाच्या निर्यातीवर बंदी घातली. आणि त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये या दोघी मोटारसायकलवर बसून आल्या. १९९७ च्या डिसेंबरात तर हाडासकट गोमांस विकायलाही देशात बंदी आली, ती दोन वर्षं टिकली. म्हणजे सगळा देश ताटाकडे संशयानं बघत होता आणि या दोघी खाटकाच्या नावासकट मांस घ्या म्हणत होत्या: ओळखीचा खाटीक, ओळखीचा शेतकरी, कारखान्यातलं नको. वरवर हा चरबीचा जल्लोष दिसतो, आत बराच राग आहे.

दुसरं म्हणजे रेशनिंग. इथे ते दुसऱ्या महायुद्धात, जानेवारी १९४० मध्ये सुरू झालं आणि मांसावरचं शेवटचं बंधन उठलं जुलै १९५४ मध्ये. माणशी आठवड्याला लोणी दोन औंस, म्हणजे पन्नास-साठ ग्रॅम. रेशनिंग सुरू झालं तेव्हा जेनिफर अकरा वर्षांची होती, संपलं तेव्हा सव्वीस. वाढीचं सगळं वय मोजूनमापून खाण्यात! त्या पिढीच्या एका शेजारणीला मी लोण्याचा रिकामा कागद सुरीनं खरवडताना पाहिलंय, तेही २००० नंतर. जेनिफर लोण्याचा अख्खा गोळा कढईत टाकते तेव्हा मला तो कागद आठवतो.

उपवासाचा बटाटा

हा मुद्दा पटला. पण क्लॅरिसाला तो लागू नाही. ती १९४७ ची आणि घर श्रीमंत. तिला कुठलं रेशन?

थेम्सकाठी

मान्य. तिचा राग दुसऱ्या दुकानातून आलेला.

मीठभाकर

थेम्सकाठीताई, तुमचा प्रतिसाद आईला मराठीतच असल्यामुळे स्वतः वाचता आला. तिनं चष्मा काढून ठेवला आणि ७२ च्या दुष्काळातल्या मिलोबद्दल सांगायला लागली. लाल ज्वारी, अमेरिकेतून आलेली, भाकरी थापताना तुटायची आणि गिळताना टोचायची. तेव्हा ती माहेरी बार्शीला. घरात तूप म्हणजे सणाला देवापुढच्या निरांजनात. आमच्याकडे आजही ती वरणावर तूप वाढते तेव्हा मी "बास" म्हटल्यावर आणखी एक चमचा पडतोच. मी आजवर समजत होते तिला ऐकू येत नाही.

झणका

...

काही लिहिलं नाई मी. असंच.

खडूस काका

माझी आईही "बास" ऐकत नसे. नखांचा मुद्दा मात्र मागे घेत नाही.

गिअरबॉक्स

मूळ प्रश्नाकडे कुणीच बघेना, म्हणून मी बघतो. स्यूएटचं काम नुसतं स्निग्धपणा देणं नाही. ही चरबी साधारण ४५ ते ५० अंशांना वितळते. पुडिंग वाफेवर चढलं की आधी पीठ धरायला लागतं आणि चरबीचे कण नंतर वितळतात. ते वितळले की त्यांच्या जागी बारीक पोकळ्या राहतात, म्हणून ते पुडिंग हलकं होतं. साजूक तूप अंगाच्या उष्णतेला पातळ होतं. ते पिठात घालून मळलं की आधीच मुरून जाणार आणि शंकरपाळ्याच्या वाटेनं जाणार. चकली९९ यांचा विषय संपलेला नाही.

उपाय: तूप फ्रीजरमध्ये दगड होईपर्यंत ठेवा, किसणीवर किसा, किसून पुन्हा फ्रीजरमध्ये टाका, आणि पिठात बोटांनी न चोळता नुसतं मिसळा. पाणी बर्फाचं.

पानगी

स्वयंपाकातलं कळणारे तुम्ही, आणि नाव गिअरबॉक्स?

गिअरबॉक्स

उष्णता सगळीकडे सारखीच वागते.

चकली९९

मग तूप नको, जास्त अंशांना वितळणारं काहीतरी घरात असेलच की. वनस्पती तूप! डालडा!

सासष्टीकार

अरे देवा.

थेम्सकाठी

ज्यांनी आयुष्यभर मार्गारिनला शिव्या घातल्या त्यांच्या धाग्यावर डालडा 😂 जेनिफर हेल्मेट घालून वर येईल. (अंत्यविधीला तिचं हेल्मेट शवपेटीवर ठेवलं होतं म्हणे.)

पण तांत्रिकदृष्ट्या चकली चुकलेली नाही. इथे शाकाहारी लोकांसाठी स्यूएट मिळतं, तेही घट्ट वनस्पतीजन्य चरबीचंच असतं. उपवासाचा बटाटा, तुमच्यासाठी आणखी एक बातमी. रोली-पोलीवर जे कस्टर्ड ओततात त्याची बिनअंड्याची पावडर अल्फ्रेड बर्ड नावाच्या बर्मिंगहॅमच्या औषधवाल्यानं १८३७ मध्ये काढली, कारण त्याच्या बायकोला अंडं सोसत नव्हतं. आपल्या प्रत्येक लग्नातलं फ्रूट कस्टर्ड तिथून आलंय.

उपवासाचा बटाटा

शेवटी आमचाही एक माणूस निघाला. धन्यवाद.

थेम्सकाठी

मीठभाकर, प्रमाण देते: मैदा २०० ग्रॅम, बेकिंग पावडर दोन चहाचे चमचे, चिमूट मीठ, किसलेली चरबी १०० ग्रॅम, पाणी लागेल तसं, कणकेपेक्षा सैल. अर्धा सेंटिमीटर जाड लाटायचं, कडा सोडून जॅम लावायचा, वळकटी करायची. तूप लावलेल्या कागदात सैलसर गुंडाळायची कारण ती फुगते, वरून कापड बांधायचं, दीड तास वाफवायचं. पूर्वी इथे जुन्या सदऱ्याच्या बाहीत घालून वाफवायचे, म्हणून या पुडिंगचं एक टोपणनाव 'मेलेल्या माणसाचा हात'.

पानगी

काकूंना हे नाव सांगू नकोस!

मीठभाकर

सांगून झालं. बाबांचा जुना झब्बा कपाटातून बाहेर आलाय. आईला कसलीच शिवाशिव राहिलेली नाही, त्या दोघींनी बिघडवलंय तिला. रविवारी करते. मोदकपात्र आहेच.

मीठभाकर

(रविवार, रात्र)

वृत्तांत. अर्ध्या पिठात गोठवून किसलेलं साजूक तूप, अर्ध्यात डालडा. डालडा आणायला मी दुकानात गेले तर वाणी म्हणाला, "ताई, तुमच्याकडे कधी नेत नाही, कुणी पाहुणे आलेत का?" जॅमऐवजी घरचा आंब्याचा मुरंबा लावला. बाबांच्या झब्ब्याच्या दोन बाह्या, दोन वळकट्या. मोदकपात्रात मावेनात म्हणून तिरक्या ठेवल्या. पाऊण तासानं पाणी संपलं, करपल्याचा वास आला, आधण ओतलं, पुढचा पाऊण तास दर दहा मिनिटांनी झाकण उघडून बघितलं.

डालड्याची वळकटी सुरेख फुगली. कापल्यावर आत जाळी, अगदी व्हिडिओत दिसते तशी. पण पहिल्या घासाला टाळूवर मेणासारखा थर बसतो तो बसतोच, वर गरम कस्टर्ड असूनही. तुपाची जरा बसकी झाली, खालून ओशट, एका बाजूला मुरंबा फुटून बाहीवर पसरला. बाही उलगडताना ते टोपणनाव कुठून आलं असेल हे सगळ्यांना एकदम कळलं. पण वास! जिन्यापर्यंत गेला. शेजारच्या काकू बेसनाचे लाडू का, म्हणून विचारायला आल्या आणि बसल्या.

गिअरबॉक्स, तुमचं शास्त्र बरोबर निघालं. चकली, तुझंही. आईनं दोन्ही चाखल्या, डालड्याची बशी काहीही न बोलता माझ्याकडे सरकवली आणि तुपाच्या तुकड्यावर कस्टर्ड न घेता वरून आणखी तूप घेतलं.

डॉ. खवय्या

किती तूप?

मीठभाकर

डॉक्टर, तुमचं नाव ऐकून तिनं चमचा अर्धाच भरला. मग मी पाणी प्यायला उठले तेव्हा काय झालं ते मी पाहिलेलं नाही.

बुलेटवाला

गाडी कुठली वापरली वाण्याकडे जायला?

मीठभाकर

चालत गेले. डोंबिवलीत साइडकार वळवायला जागा कुठाय?

पानगी

आणि भांडी?

मीठभाकर

किसणी, परात, मोदकपात्र (तळाला करपलेलं), दोन पातेली, सहा बश्या, दोन बाह्या. सगळं मोरीत आहे. आई खिडकीपाशी उभी राहून खाली कुणी आहे का बघतेय.